हमीपत्रावरची छोटी सही

माझ्या पिशवीत त्या दिवशी दोन कागद होते आणि त्यांतला एकच बाहेर काढायचा होता. यवतमाळहून निघालेली बस कळंबच्या पुढे गेली तरी माझं ठरत नव्हतं. पुढच्या सीटवर आमच्या जिल्ह्याची स्केटर पोरगी खिडकीला डोकं टेकून झोपली होती, मांडीवर स्केट्सची पिशवी दोन्ही हातांनी धरून. तिच्या शेजारी तिचे अब्बा. मी त्यांना भाई म्हणते. यवतमाळात त्यांचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. नागपूरला सकाळी अकरा वाजता आमच्या जिल्हा संघटनेची सुनावणी होती आणि दुपारी तीनला पोरीची निवड चाचणी. सुनावणीत पोरगी निर्दोष ठरली तर चाचणी, नाहीतर एक वर्ष बंदी. आणि एक वर्ष म्हणजे कायमचंच, कारण तिच्या आईने आधीच बजावून ठेवलं होतं की दहावीच्या वर्षात चाकांना हात लावायचा नाही. ती नववीत होती. राष्ट्रीय स्पर्धेला जायचं तर याच वर्षी.

तिला या संकटात कुणी ढकललं, तर मी. म्हणून आधी माझंच सांगते.

मी एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. माझी मुलगी लहानपणी दोन वर्षं स्केटिंग शिकली, पडली, कंटाळली आणि तिने सोडून दिलं. मला मात्र सुटलं नाही. जिल्हा संघटनेच्या सभेत कुणीतरी म्हणालं, मॅडमले पत्र लिवता येते, त्यायलेच सचिव करा. बाकीच्यांना चाकं समजत होती, मला ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ समजत होते. नऊ वर्षं मी सचिव राहिले. ऑफिसात मला ‘बाई, जरा ती फाईल बघा’ म्हणणारे साहेब होते. इथे मला ‘सचिव मॅडम’ म्हणत. खोटं कशाला बोलू, ते ऐकायला मला फार आवडायचं.

फिगर स्केटिंग म्हटलं की लोक विचारतात, यवतमाळात बर्फ कुठून आणता? बर्फ आमच्याकडे रसवंतीवर असतो, उसाच्या रसात टाकायला. आम्ही खेळतो ते चाकांवरचं. बुटाखाली चार चाकं, दोन पुढे, दोन मागे. त्यात संगीतावर उड्या आहेत, गिरक्या आहेत, पण त्याआधी येते ती फिगर. जमिनीवर सहा मीटर व्यासाचे गोल आखलेले असतात. त्या रेषेवरून एका पायावर फिरायचं, ठरल्या जागी वळायचं आणि रेष सोडायची नाही. पंच मागून वाकून वाकून बघत चालतात. बघणाऱ्याला झोप येते आणि खेळणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

आमचा सराव एका मंगल कार्यालयात, लग्नाची तिथी नसेल त्या दिवशी. फरशी गुळगुळीत, मालक दयाळू. पण लग्नाआधी गोल पुसून द्यायचे ही त्याची अट, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा आखायचे. पहिले काही महिने आम्ही सुतळीने आखत होतो आणि प्रत्येक गोल कुठेतरी बाहेर निघायचा. भाई पोरीला सोडायला आले असताना त्यांनी ते पाहिलं, काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी स्कूटरच्या क्लचची जुनी वायर घेऊन आले. तीन मीटर मोजून, एका टोकाला खिळा, दुसऱ्या टोकाला खडू अडकवायला पत्र्याची पट्टी. “सुतळी तानते मॅडम, हे नाही तानत,” म्हणाले. तेव्हापासून गोल तेच आखतात. त्या गोलांवर त्यांची पोरगी चार वर्षं फिरली.

आता या खेळाचा कारभार, कारण घोडं तिथेच अडलं. सगळ्यात खाली क्लब. तीन क्लब मिळून जिल्हा संघटना, जिल्हे मिळून राज्य संघटना, राज्यं मिळून राष्ट्रीय महासंघ. महासंघाला अध्यक्ष आहे, सरचिटणीस आहे, कार्यकारिणी आहे, नियम करणारी आणि पंचांच्या परीक्षा घेणारी तांत्रिक समिती आहे. कागद वर जातो तो एकेक पायरी चढून, खाली येतो तोही तसाच. पोरगी कितीही सुरेख फिरो, तिची प्रवेशिका जिल्ह्याने भरायची, राज्याने पुढे करायची, महासंघाने घ्यायची. खेळाडूने थेट महासंघाला लिहिलं तर उत्तर येतं, ‘योग्य मार्गाने यावे.’ आणि या सगळ्याच्या मुळाशी असतं मत. राज्याच्या सभेत प्रत्येक जिल्ह्याला एक मत. आमच्या जिल्ह्यात फिगर खेळणाऱ्या पोरी तीन, पण मत मोठमोठ्या शहरांइतकंच, एक. ज्या खेळाला प्रेक्षक म्हणून फक्त आया असतात त्याच्या निवडणुकीत लोक एवढे का भांडतात, ते मला नऊ वर्षांत हळूहळू समजलं.

त्या वर्षी राज्य संघटना फुटली. जुन्या कार्यकारिणीने निवडणूक घेतली, हरलेल्यांनी महासंघाकडे तक्रार केली, महासंघाने ती निवडणूक रद्द करून पाच जणांची हंगामी समिती नेमली. जुने म्हणाले, आम्ही कायदेशीर. हंगामी समिती म्हणाली, आम्ही अधिकृत. महासंघ उंटावरून शेळ्या हाकत होता, एक परिपत्रक आज, त्याचं शुद्धिपत्रक उद्या. आणि एका रविवारी दोघांनीही राज्य निवड स्पर्धा ठेवली. जुन्यांची अमरावतीला, हंगामी समितीची नागपूरला.

माझ्यापर्यंत दोन पत्रं आली. अमरावतीचं पत्र टपालाने. छापील लेटरहेड, जावक क्रमांक, दिनांक, विषय, तीन संदर्भ, गोल शिक्का, सही, आणि खाली डाव्या हाताला ‘प्रत माहितीस्तव’. नागपूरचं पत्र म्हणजे मोबाईलवर आलेला फोटो. हाताने लिहिलेली सूचना, तिरपी काढलेली, कोपऱ्यात कुणाच्या तरी अंगठ्याची सावली. जावक क्रमांक नाही, शिक्का नाही, तारीखही अर्धवट.

तीस वर्षं आवक-जावक नोंदवही सांभाळलेल्या बाईला यातलं खरं कोणतं वाटेल? मी तो फोटो पाहून हसले होते, तेही मला आठवतं. ऑफिसात शेजारच्या टेबलावर दाखवला आणि म्हटलं, हे बघा, यांना जावक क्रमांक टाकता येत नाही आणि हे राज्य चालवणार. महासंघाच्या कार्यालयात एक फोन केला असता तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. मी केला नाही. शिक्का होता ना! भाईंच्या पोरीला मी जिल्हा संघटनेच्या लेटरहेडवर लेखी आदेश दिला की अमरावतीच्या स्पर्धेस उपस्थित राहावे. त्याला जावक क्रमांक टाकला, खाली सही केली आणि सवयीप्रमाणे त्याची स्थळप्रत, म्हणजे आपल्या दप्तरात ठेवायची प्रत, फायलीला लावली.

पोरगी अमरावतीला पहिली आली. भाईंनी गॅरेजवर पेढे वाटले. दहा दिवसांनी महासंघाचं परिपत्रक आलं: अमरावतीची स्पर्धा अनधिकृत, तिथे खेळलेल्या सर्व खेळाडूंना एक वर्ष बंदी, संबंधित जिल्हा संघटनांनी नागपूरला सुनावणीस हजर राहून खुलासा करावा, जी संघटना दोषी ठरेल तिचं मत गोठवलं जाईल, ज्यांची बंदी उठेल त्यांची पुरवणी निवड चाचणी त्याच दिवशी.

मी ते परिपत्रक चार वेळा वाचलं. जेवण गेलं नाही.

आमचे अध्यक्ष जिनिंगवाले. माणूस वाईट नाही. कापसाच्या हंगामात दिसत नाही, निवडणुकीच्या हंगामात रोज फोन करतो. त्या दिवशी ते स्वतः घरी आले.

“ताई, तुम्ही कायले एवढं टेन्शन घेऊन राह्यल्या? बापाचं हमीपत्र हाय ना आपल्यापाशी? थे लावून टाका. बापानं सोताच्या जिम्मेदारीवर पोट्टीले नेलं, आपल्याले माईतच नाही. पोट्टीले एक साल बंदी, आपलं मत शाबूत.”

“आणि पोरगी?”

“पोट्ट्या काय, येतेत आन जातेत. मत गेलं तं निवडणुकीत आपल्याले कोन इचारते?”

हे हमीपत्र काय ते सांगायला हवं, कारण ती आमच्याकडची पद्धत होती आणि ती मीच पाडली होती. प्रत्येक स्पर्धेआधी पालकांच्या सह्या गोळा करत फिरणं जिवावर यायचं. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच मी सगळ्या पालकांकडून दहा-दहा कोऱ्या हमीपत्रांवर सह्या घेऊन ठेवायचे. ‘माझा पाल्य ............... या स्पर्धेत माझ्या इच्छेने व माझ्या जबाबदारीवर भाग घेत आहे. त्याबाबत जिल्हा संघटना जबाबदार राहणार नाही. कोणत्याही निर्णयाविरुद्ध मी दाद मागणार नाही.’ टिंबांच्या जागी स्पर्धेचं नाव नंतर मी भरायचे. भाईंच्या सह्या मी गॅरेजवर जाऊन घेतल्या होत्या. एका स्कूटरचं इंजिन उघडं होतं. त्यांनी कापडाला हात पुसले, पुन्हा पुसले, पेन घेतलं आणि विचारलं, “यात काय लिवलं हाय, मॅडम?” मला ऑफिसला उशीर होत होता. मी म्हटलं, “काही नाही हो भाई, नेहमीचंच.” त्यांनी दहाही कागदांवर सह्या केल्या, मजकुरावर तेलाचा डाग पडणार नाही याची काळजी घेत.

माझे बाबा मारेगावला राहायचे. आमच्या वस्तीतले शिकलेले पहिले-दुसरे ते. संध्याकाळी आमच्या ओसरीवर लोक कागद घेऊन बसलेले असायचे. कुणाची नोटीस, कुणाचा अर्ज, कुणाची सोसायटीची चिठ्ठी. बाबा प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत, तिचा अर्थ सांगत, आणि शेवटी विचारत, समजलं का? समोरचा नुसती मान हलवू लागला तर पुन्हा पहिल्यापासून. आई आतून चिडायची, भाकरी थंड होऊन राह्यली म्हणून. बाबांना गरम भाकरी क्वचितच मिळाली. त्यांच्या मुलीने दहा कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या आणि ‘नेहमीचंच’ म्हटलं. हे मला अध्यक्ष बोलत असतानाच आठवलं आणि माझं मला इतकं लाजिरवाणं वाटलं की मी चहा ठेवायच्या निमित्ताने उठले.

तरीही मी तो कागद भरला. सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी, जेवणाच्या टेबलावर. भाईंच्या सहीचं एक हमीपत्र काढलं आणि टिंबांवर माझ्या अक्षरात ‘राज्य निवड स्पर्धा, अमरावती’ लिहिलं. स्वतःला समजावलं, एक वर्षाचंच तर आहे. तिची आई ऐकेल, अकरावीत पुन्हा सुरू करता येईल. मनाला समजवायला बसलं की मन फार लवकर समजतं. मग महासंघाची नियमावली उघडली, खरं तर स्वतःची खात्री करायला की दुसरा रस्ताच नाही. तर रस्ता होता. शिस्तभंगाच्या प्रकरणात एक पोटकलम होतं: खेळाडूने आपल्या जिल्हा संघटनेच्या लेखी आदेशाने भाग घेतला असेल तर दोष खेळाडूचा धरू नये, आदेश देणाऱ्या पदाधिकाऱ्याचा धरावा. मी फाईल काढली. स्थळप्रत तिथे होती. जावक क्रमांक, दिनांक, माझी सही, सगळं ठसठशीत.

आमच्या खात्यात नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी मोठा माणूस कानात सांगतो: काहीही कर, पण चूक लेखी कबूल करू नकोस. मी तीस वर्षं ते पाळलं होतं. आता त्या कागदाने पोरगी सुटणार होती आणि मी अडकणार होते. दोन्ही कागद पिशवीत टाकले. ठरवू उद्या, म्हटलं.

नागपूरला क्रीडा संकुलात प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली एक खोली होती, तिथे सुनावणी. बाहेर बाकावर पालक आणि पोरी. भाईंनी डबा उघडून पोरीपुढे धरला होता आणि ती नाही म्हणत होती. मला पाहून उठून उभी राहिली.

“मॅडम, बूट आताच घालून ठेऊ का?”

“थांब थोडं,” मी म्हटलं.

आत टेबलामागे तिघं. महासंघाचा निरीक्षक, बाहेरच्या राज्यातला, हिंदी बोलणारा. तांत्रिक समितीच्या एक बाई, केस पांढरे, चष्मा दोरीला. आणि हंगामी समितीचा माणूस. तो तिरपा फोटो पाठवणारा बहुतेक हाच, कारण त्याच्यासमोरच्या कागदांचा गठ्ठाही तिरपाच होता. अध्यक्ष आधीच येऊन बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी टेबलाखालून माझ्या फायलीला बोट लावलं, नुसतं एकदा.

आमच्या आधी एका जिल्ह्याचं चाललं होतं. त्या सचिवाने हमीपत्र पुढे केलं. निरीक्षकाने वाचलं, बाजूला ठेवलं आणि म्हटलं, “ठीक है, खिलाड़ी पर बैन कायम.” चार मिनिटंही लागली नाहीत. तो सचिव माझ्याकडे बघून हसला. सुटलो, असं ते हसू होतं. बाहेर कुठेतरी एका पोरीचं वर्ष गेलं आणि तिला अजून पत्ताही नव्हता.

“यवतमाल.” निरीक्षकाने आमचं पान उघडलं. “लड़की किसके कहने पर गई थी? आदेश किसका था?”

अध्यक्ष म्हणाले, “साहब, हमारे पास पेरेंट का हमीपत्र है. मॅडम, दाखवा.”

मी फाईल उघडली. वर हमीपत्र होतं, मीच वर ठेवलं होतं. भाईंची सही दिसत होती, जपून केलेली, प्रत्येक अक्षर सुटं. मी ते हमीपत्र उचललं आणि त्याच्या खालची स्थळप्रत काढून टेबलावर ठेवली.

“आदेश माझा होता,” मी म्हटलं. “हे माझं पत्र. पालकांनी काही ठरवलं नव्हतं.”

“ताई, काय करून राह्यल्या?” अध्यक्ष दाताखालून म्हणाले.

निरीक्षकाने पत्र वाचलं. मग त्या बाईंनी वाचलं. बाईंनी विचारलं, “नागपूरची सूचना तुम्हाला मिळाली होती?”

“मिळाली होती.”

“मग?”

आता काय सांगू? मी म्हटलं, “त्याच्यावर जावक क्रमांक नव्हता.”

हंगामी समितीचा माणूस खाली बघू लागला. निरीक्षकाला कुणीतरी अर्थ सांगितला. तो हसला नाही. त्याने विचारलं, हे सगळं लिहून द्याल का? मी लिहून दिलं. त्यांनी कोरा कागद दिला आणि मी त्यावर ‘विषय’ लिहिला, ‘संदर्भ’ लिहिला, आणि तिसऱ्या ओळीत लिहिलं की सदर चूक माझी आहे. पेन त्या शब्दापाशी थांबलं होतं. ‘सदर चूक झालेली आहे’ असं लिहायला हात वळत होता. आमच्याकडे चुका होतात, त्या कुणी करत नाही. ‘माझी’ लिहायला मला वेळ लागला.

निर्णय तिथेच झाला. पोरीची बंदी उठली. मला चार वर्षं कोणत्याही पदावर राहायला मनाई, आणि त्या दिवसापासून स्पर्धेच्या आतल्या आवारात पाऊल टाकायलाही. यवतमाळचं मत पुढच्या निवडणुकीपर्यंत गोठवलं. अध्यक्ष खुर्ची मागे सारून उठले. “लय मोठ्या झाल्या तुम्ही,” एवढंच म्हणाले आणि गेले. मी बाहेर येऊन पोरीला सांगितलं, बूट घाल.

चाचणीच्या वेळी मी जाळीच्या बाहेर उभी होते. पालकांनाही आत सोडत नव्हते, म्हणून भाईही तिथेच. आत गोल रंगाने आखलेले होते, आमच्यासारखे खडूचे नाहीत. पोरगी अजून कडेला पाय झटकत होती.

“मॅडम,” भाई म्हणाले, “माह्या सहीचा कागद लागला का?”

“नाही लागला,” मी म्हटलं, आणि पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिला. का दिला? मला वाटतं, ते आभार मानतील असं मला वाटलं होतं. एवढं सगळं गमावून आले होते, कुणीतरी दोन शब्द बोलावेत असं वाटत होतं.

भाईंनी खिशातून चष्मा काढला. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला माणूस. सावकाश वाचत होते, ओठ हलत होते. शेवटपर्यंत वाचलं. मग बोट टिंबांवर ठेवलं.

“हे अमरावती तुमच्या अक्षरात हाय.”

“हो.”

“कवा लिवलं?”

“काल संध्याकाळी.”

आत माईकवर कुणाचं तरी नाव पुकारलं. ते पोरीचं नव्हतं.

“हे दिलं असतं तं पोट्टी आज खेळली असती का?”

“नाही.”

“आन मले कवा समजलं असतं?”

“समजलं नसतं, भाई.”

त्यांनी चष्मा उतरवून खिशात ठेवला. मग म्हणाले, “त्या दिवशी मी इचारलं होतं तुमाले. तुम्ही म्हनलं, कायी नाही, नेहमीचंच.”

त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. चढ्या आवाजाला उत्तर द्यायची मला सवय आहे. माझे डोळे भरून आले. ते अपमानाने होतं की पश्चात्तापाने, ते तेव्हा मला कळलं नाही, खरं तर अजूनही नीट कळत नाही.

तेवढ्यात पोरीचं नाव आलं. भाईंनी कागदाची चौघडी करून शर्टच्या खिशात घातली आणि बाजूला सरकले. “इकडं या. तिकून खांब आडवा येते.”

मी गेले. पोरगी गोलाच्या सुरुवातीला उभी राहिली, एक पाय उचलला आणि निघाली. पांढऱ्या केसांच्या बाई मागे वाकून चालत होत्या, चष्मा दोरीला लोंबत होता. पहिला गोल बरोबर. दुसऱ्याच्या वळणावर तिचं चाक किंचित खरखरलं आणि भाईंनी जाळी मुठीत धरली. ती हलली, पण पाय टेकला नाही. रेष धरून ती परत मध्यावर आली. सगळं मिळून दोनेक मिनिटं झाली असतील.

ती दुसरी आली. जागा दोनच होत्या.

परतीच्या बसमध्ये पोरगी एकटीच बोलत होती. कुणाचे बूट कसे, तिथली फरशी कशी, पंच बाईंनी मान कशी डोलावली. भाई हूं हूं करत होते. माझ्याशी ते एकदाच बोलले, वर्ध्याला चहा घेता का, म्हणून.

मग महिनाभर काही नाही. मी गॅरेजच्या रस्त्याने जायचं टाळत होते. माझी स्कूटी सर्व्हिसिंगला आली होती ती दुसरीकडे दिली. संघटनेला नवा सचिव मिळाला. पत्रं लिहिता येत नाहीत, पण अध्यक्षांचा माणूस आहे. एका सकाळी मी ऑफिसला निघत असताना भाईंचा फोन आला. “मॅडम, टाइम हाय का? एक कागद आला हाय.”

मी ऑफिसला उशिरा येते असं कळवलं आणि गेले. तीस वर्षांत असं मी मोजून चार-पाच वेळा केलं असेल.

राष्ट्रीय स्पर्धेचं हमीपत्र होतं. मजकूर तोच, मीच कधीकाळी लिहिलेला, नव्या सचिवाने एक शब्द बदलला नव्हता. फक्त टिंबांच्या जागी या वेळी स्पर्धेचं नाव छापलेलं होतं. भाईंनी मला स्टूल दिलं, स्वतः टायरवर बसले आणि म्हणाले, “वाचा. हरेक लाइन.”

मी मोठ्याने वाचायला लागले. मध्येच गिऱ्हाईक यायचं, कुणाचा ब्रेक, कुणाची चेन. ते उठून जायचे, हात पुसत परत यायचे आणि मी पुन्हा त्या ओळीच्या सुरुवातीपासून वाचायचे. ‘माझ्या इच्छेने’ म्हणजे काय, सांगितलं. ‘माझ्या जबाबदारीवर’ म्हणजे काय, सांगितलं. त्यावर ते म्हणाले, “हाव, जिम्मेदारी तं माहीच हाय. पोट्टी माही हाय.” मग शेवटची ओळ आली. कोणत्याही निर्णयाविरुद्ध मी दाद मागणार नाही.

“दाद म्हंजे?”

“तक्रार. म्हणजे त्यांनी काही ठरवलं आणि तुम्हाला पटलं नाही, तरी तुम्ही विचारायचं नाही.”

“हे नाही,” भाई म्हणाले. माझ्या हातातून पेन घेतलं आणि त्या ओळीवर सरळ रेघ मारली.

“भाई, खाडाखोड चालत नाही!” माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “मंग? सगयाच कागद वापस करू?”

मी ती खोडलेली ओळ पुन्हा वाचली. मग म्हटलं, “नाही. खोडलं की बाजूला छोटी सही करायची. मग चालतं.”

“कुठं?”

मी बोट ठेवून जागा दाखवली. त्यांनी कापडाला हात पुसले, पुन्हा पुसले, आणि रेघेच्या शेवटी बारीकशी सही केली. मग खाली मोठी सही. मग म्हणाले, याची एक झेरॉक्स मले पायजे. आम्ही समोरच्या दुकानातून ती काढली आणि त्यांनी ती शर्टच्या खिशातल्या दुसऱ्या एका कागदाजवळ ठेवली. चौघडीच्या कडा मळल्या होत्या, पण तो कागद मी ओळखला.

पोरगी राष्ट्रीय स्पर्धेला गेली, नववी आली, आणि आईला दिलेल्या शब्दाप्रमाणे दहावीत चाकं माळ्यावर गेली. ते खोडलेलं हमीपत्र जिल्ह्याने घेतलं, राज्याने पुढे पाठवलं, महासंघाने स्वीकारलं. कुणी एका शब्दाने विचारलं नाही. खालपासून वरपर्यंत ते कुणी वाचलंच नसावं. वाचलं होतं ते आम्ही दोघांनीच.